बाबांची रेघ

भातकापणी संपत आली की मी घराच्या मागच्या बाजूला फारशी जात नाही. मागे पूर्वी आमचा मांगर होता. मांगर म्हणजे गवत, लाकडं, अवजारं ठेवायची घराबाहेरची झोपडी. आता तिथे सिमेंटचा कोबा आहे आणि कोब्यावर माझी स्कूटर उभी असते. पण शेतात पेंढ्या आडव्या पडल्या, सकाळी दव पडायला लागलं आणि गावात जत्रेची बोलणी सुरू झाली की त्या कोब्यावरून मला फणसाच्या ओल्या भुशाचा वास येतो. गेल्या पस्तीस वर्षांत तिथे फणसाचं लाकूड कोणी कापलेलं नाही. तरी येतो. नाकाला कोण समजावणार?

यंदा त्या वासात ओंकारच्या फोनची भर पडली. ओंकार माझ्या दादाचा मुलगा. कुडाळला त्याचं वर्कशॉप आहे. संगणकावर चित्र काढायचं, मशीन सुरू करायचं आणि चहा पिऊन यायचं, तोवर लाकडावर नक्षी तयार. आमच्या देवळाच्या पालखीला वाळवी लागली म्हणून नवी पालखी करायचं काम गावाने त्याला दिलं आहे. जुन्या फळ्यांवरची वेल जशीच्या तशी हवी, एवढीच गावकऱ्यांची अट.

"आत्ये, वेल स्कॅन केलंय," तो म्हणाला. "पण रेघ थरथरीत येता गो. सॉफ्टवेअरात एक बटन आसा, दाबला काय सगळा सरळ. दाबू? बाबांका विचारलंय तर ते म्हणतत, माका नको विचारू, आत्येक विचार."

"उद्या सांगतंय," मी म्हटलं. त्याला आता आठ दिवस झाले. एरवी मी लगेच उत्तर देणारी बाई. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, कोणाचं चुकलं तर तोंडावर सांगितलं. या एका उत्तराला मात्र माझी जीभ उचलत नाही.

आमचे बाबा देवळाचे सुतार होते. देवळासाठी लाकडाचं काहीही नवं झालं, चौकट असो, पाट असो, पालखी असो, की त्यातला शेवटचा घाव शिल्लक ठेवायचा ही आमच्या गावातली रीत. वस्तू देवळात आणायची, सगळ्या गावासमोर सुताराने पटाशी लावून तो एक घाव घालायचा, आणि मग ती देवाची झाली. हा मान आमच्या घराकडे होता. बाबांकडे त्यांच्या वडिलांकडून आला, त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून. हाताने काम करणारा माणूस घरात उरला नाही तर मान खालच्या वाडीतल्या सुतारांकडे जाणार, हेही ठरलेलं. दादा पटाशी न धरताच ठाण्याला कारखान्यात गेला होता. म्हणजे तो मान बाबांच्या एका उजव्या हातावर उभा होता, आणि ऐंशीच्या दशकातल्या त्या वर्षी तो हात थरथरायला लागला होता.

घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. आई त्यांचा चहा अर्धाच कप भरायची. जेवायला बसले की बाबा पंचा मांडीवर घ्यायचे आणि जेवण झालं की उजवा हात त्याखाली जायचा. कट्टा गावच्या बाजारात कोणी समोर आलं की हात पाठीमागे. मी तेव्हा तेवीस वर्षांची, शाळेत नुकतीच लागलेली. मला वाटायचं, न बोलणं म्हणजेच मान राखणं. आज मला त्याचा राग येतो. एका घरातली चार माणसं एका हाताभोवती इतकी जपून वावरत होती, की त्या हाताला कोणी धरलं म्हणून नाही.

त्याच वर्षी दसऱ्याला देवळाने पालखीचं काम बाबांना सांगितलं. जत्रेपर्यंत हवी. बाबा "बरां" म्हणून आले आणि घरापुढच्या खळ्यात नुसते बसून राहिले.

दादा तेव्हा घरीच होता. त्याचा कारखाना बंद पडला होता. तिथे एक परदेशी मशीन होतं, कागदाच्या पट्टीवरची भोकं वाचून लोखंड कापणारं. दादाने त्याच्यावर कामही केलं नव्हतं, फक्त त्याची साफसफाई आणि तेलपाणी केलं होतं. पण बघून बघून ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. तसंच मशीन आपण लाकडासाठी करायचं, असं तो म्हणायला लागला. बाबांचं नाव कुठेच काढलं नाही. "लाकूड सोप्यां," म्हणायचा, "लोखंडाएवढो जोर लागना नाय."

मग मांगरात भंगार यायला लागलं. गोव्याच्या बाजूच्या एका भंगारवाल्याकडून त्याने मोडीत काढलेल्या टेलिफोन यंत्राचे भाग आणले, एक पाऊल पुढे सरकून टक्‌ असं थांबणाऱ्या मोटरी आणल्या. मोटारगाडीच्या दोन जॅकचे स्क्रू काढले. त्यावर मशीनचं टेबल पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकणार होतं. सरकायला पाण्याचे लोखंडी पाइप. कोरायला एका ड्रिलची मोटर. मधून वीज गेली तर मशीनचा हिशेब चुकू नये म्हणून ट्रकची बॅटरी. आणि या सगळ्याखाली आमच्याच घरातला फणसाचा जाड पाट. आई म्हणाली, "माजो पाट खंय गेलो?" आणि दादाने तिला मांगरात नेऊन दाखवला तेव्हा तिला हसावं की रडावं कळेना.

बाबा मांगरात पाऊल टाकत नव्हते. दारापर्यंत यायचे, बघायचे. "ह्यां मशीन नाय, भंगाराचां दुकान आसा," एवढं म्हणून जायचे. दादा खाली मान घालून तारांना डाग देत राहायचा. राळेचा धूर मांगरभर असायचा. त्या दोघांचं एकमेकांशी धड बोलणं दादा ठाण्याला गेला तेव्हापासूनच नव्हतं. बापाने शिकवायला बोलावलं तेव्हा मुलगा गेला, आणि आता मुलगा बोलावतोय तर बाप दारात थांबतो. मधे मी होते. दोघांनाही माझ्याशी बोलायला सोपं जायचं, आणि मला दोघांचंही ऐकून घ्यायची सवय होती. ही सवय वाईट. तिच्यामुळे माणसाला वाटतं, आपल्याला सगळं कळलंय.

सहामाहीचे पेपर तपासून झाले, दिवाळीची सुट्टी लागली. "नले," दादा म्हणाला, "माका फक्त आकडे दी. बाकीचा मी बघतंय." वेल कागदावर काढायची, ती आलेखाच्या कागदावर ठेवायची, रेघ कुठून कुठे जाते ते चौकोन मोजून लिहायचं. मग त्या आकड्यांप्रमाणे खाकी कागदाच्या लांब पट्टीत भोकं पाडायची. भोकातून पितळी पत्र्याची बोटं खालच्या तांब्याच्या पत्र्याला टेकणार, मोटर एक पाऊल सरकणार. भोकं पाडायला दादाने एका निवृत्त कंडक्टरकडून तिकिटाचा चिमटा आणला होता. माझी दिवाळी त्या चिमट्यात गेली. अंगठ्याला घट्टा पडला, तो पुढे कितीतरी दिवस खडू धरताना लागायचा.

पण वेल काढायची कोणी? ती बाबांच्या घराण्याची वेल. एका देठातून सुरू होऊन फळीभर फिरून पुन्हा देठाशी येणारी. ती बाबांच्या डोक्यात होती, दुसरीकडे कुठेही नव्हती. मी त्यांच्याकडे कागद आणि पेन्सिल घेऊन गेले. त्यांनी तो घेतला. तीन दिवस माजघराचं दार लोटलेलं असायचं. चौथ्या दिवशी सकाळी मी विहिरीवर पाणी काढत होते तिथे ते आले आणि गुंडाळलेला कागद पुढे केला.

"घे. तुज्या नजरेन बघ आणि मगे आकडे घाल."

एवढंच बोलले. मी मान हलवली. त्या वाक्यात काय होतं, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही.

कागद उघडला. वेल सुंदर होती. पण तिची प्रत्येक रेघ बारीक बारीक थरथरलेली, करवतीच्या दातांसारखी. वळणावर जास्त, सरळ जागी कमी. पानाच्या टोकाशी तर पेन्सिल दोन-तीनदा उचलून टेकवल्याच्या खुणा. बाबांच्या हाताबद्दल घरात कोणी बोललं नव्हतं ते सगळं त्या कागदावर लिहिलेलं होतं.

मी शिक्षिका. पोरांच्या वाकड्या रेघा लाल शाईने सरळ करणं माझं रोजचं काम. पट्टी आणि खोडरबर हाताशीच होते. थरथरीच्या मधून एक गुळगुळीत रेघ काढायची, तिचे आकडे लिहायचे, अर्ध्या दिवसाचं काम. पण मला एक लहानपणीची गोष्ट आठवली. मी सहा-सात वर्षांची असताना बाबांच्या फळीवरची पेन्सिलची रेघ खेळता खेळता पुसली होती. कधी हात न उगारणारे बाबा त्या दिवशी ओरडले होते, "सुताराची रेग दुसऱ्यान पुसूची नाय! कोणीच नाय!" आमच्या घरात हा नियमच होता. सुताराने आखलेल्या रेघेवर दुसऱ्याचा हात नाही. चुकली असली तरी ती त्याची. आई मांगर झाडतानाही आखलेली फळी बाजूला सरकवायची नाही.

तर मी नियम पाळला. मिलिमीटरच्या चौकोनात भिंग धरून बाबांची प्रत्येक थरथर मोजली. प्रत्येक दात. त्याचे आकडे लिहिले आणि चिमट्याने भोकं पाडत गेले. सांगायला लाज वाटते, पण मला त्यात एक समाधान वाटत होतं. इतक्या बारकाईने बाबांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

मशीन चाललं. एका सकाळी, दव वाळल्यावर, दादाने पट्टी चढवली आणि मोटरी टक्‌ टक्‌ करत सरकायला लागल्या. फणसाचा पिवळा भुसा उडत होता. एवढी मोडकी-तोडकी वस्तू खरंच देठापासून वेल काढत निघाली तेव्हा दादाने माझा दंड इतका जोरात धरला की मी ओरडले. आई देवाला साखर ठेवायला घरात पळाली. दुपारपर्यंत पहिली फळी झाली. दादाने भुसा फुंकला, बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"थरथरता," तो म्हणाला. "टेबल हलता खंयतरी."



त्याने सगळे नट आवळले. पुन्हा तीच पट्टी, दुसरी फळी. तीच थरथर, त्याच जागी. पाइप काढून घासले, स्क्रूला नवं ग्रीस भरलं, पाटाखाली दगड घातले. तिसरी फळी. तेच. माणसाचा हात दोनदा सारखा थरथरत नाही, पण मशीनने तो तीनदा अगदी तसाच थरथरवून दाखवला. दादाने मूळ कागद बघितलाच नव्हता. त्याने फक्त भोकं बघितली होती. दोन दिवस तो स्वतःच्या कामात दोष शोधत होता, जेवत नव्हता, एकदा तर पाना फेकून दिला. आणि मला ठाऊक होतं. मी मुकाट्याने उभी होते. सांगायचं म्हणजे बाबांच्या हाताचं नाव घ्यायचं, आणि ते मला जमलं नाही. त्या दोन दिवसांची मला सगळ्यात जास्त शरम आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा मांगराच्या दारात आले. थांबले, आणि पहिल्यांदाच आत आले. तिन्ही फळ्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा खाचेतून फिरवला. देठापासून पानापर्यंत. मग दुसऱ्या फळीवर. तिसऱ्या फळीपर्यंत ते गेलेच नाहीत.

"मशिनीचो दोष नाय तो," ते दादाला म्हणाले. "उगाच खोलू नको. मशीन तुजां बरां आसा."

दादाला ठाण्याला जाऊन इतकी वर्षं झाली, त्यात बाबांनी त्याच्या कामाला बरं म्हटलेलं हे पहिलं वाक्य. आणि ते यावं कशाच्या पोटी! दादा त्यांच्याकडे बघत राहिला, मग हळूहळू त्याला उमगलं. तो बाहेर निघून गेला.

बाबा माझ्याकडे वळले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"तुका दिसला नाय?"

"दिसला, बाबा."

"मगे सरळ कित्याक नाय केलंस?"

"तुमची रेग ती. मी कशी पुसतलंय?"

त्यांनी अंगठ्यावरचा भुसा पुसला. मग म्हणाले, "मी तुका दिलंय, तू सरळ करशीत म्हणान."

त्यांना सगळं माहीत होतं. तीन दिवस लोटलेल्या दारामागे त्यांनी स्वतःची रेघ बघितली होती. ती जगात एकाच माणसाकडे द्यायची हिंमत केली होती, जी लाल शाईने पोरांच्या रेघा सरळ करते तिच्याकडे. तुझ्या नजरेने बघ, म्हणाले होते. आणि मी भिंग लावून बघितलं. आयुष्यभराचा नियम त्यांनी एकदा माझ्यासाठी मोडला आणि मी तो पाळत बसले.

पुन्हा सगळी भोकं पाडून नवी पट्टी करायला वेळ नव्हता. सुट्टी संपली होती, जत्रा तोंडावर होती. "मी शाळेक जातंच नाय, बसून करतंय," मी रडत म्हटलं. बाबा म्हणाले, "राहू दे." चौथी फळीही तशीच निघाली, आणि त्याच चार फळ्या पालखीला लागल्या.

जत्रेच्या दिवशी सकाळी पालखी देवळात नेली. अंगण सारवलेलं, माडाच्या झावळ्यांचा मांडव, बाहेर खाजाच्या मिठाईची दुकानं लागत होती. पुरुष पुढे, आम्ही बायका खांबांपाशी. मला फक्त तो शिल्लक ठेवलेला घाव दिसत होता. देठाच्या टोकाशी नखाएवढी जागा. मशीनने सगळं केलं होतं, पण तो एक घाव त्यालाही करता येणार नव्हता, आणि आम्ही दोघं शहाणी भावंडं महिनाभर ते विसरून बसलो होतो. आता सगळ्या गावासमोर तो हात पंच्याखालून बाहेर येणार होता.

गावचे मुख्य मानकरी असलेल्या मोठ्या गावकरांनी देवाला गाऱ्हाणं घातलं. ते बोलणार, प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते संपलं आणि गावकर म्हणाले, "सुतारानू, येवा." बाबा पुढे झाले. पटाशी हातात घेतली नाही. देवाकडे तोंड केलं आणि स्वतःच गाऱ्हाणं सुरू केलं. सुताराने गाऱ्हाणं घातलेलं कोणी ऐकलं नव्हतं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे म्हणाले.

"ज्या हातान आजपावत तुजी चाकरी केली, तो हात आता थरथरता, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शब्द तोंडातून गेल्यावर लोकांना अर्थ लागला. माना वळल्या.

"ह्या पालखेचां काम माज्या झिलान मशिनीर केलां, चेडवान आकडे घातल्यान. रेग माजी, घाव माजो न्हय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." आता आवाज थोडेच होते.

"जो मान आमच्या घराक दिलंस, तो आता माज्या हातासून मोकळो कर, म्हाराजा!"

कोणी बोलेना. गावकर खाली बघायला लागले. दादा पालखीच्या दांडीला धरून उभा होता. रीत अशी की हुंकार मिळाल्याशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही. बाबा तसेच उभे राहिले, पाठमोरे. पंच्याखालचा हात हलत होता आणि पंचाही हलत होता, सगळ्यांना दिसत होता. त्यांना तसं उभं मला बघवेना.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

बायका गाऱ्हाण्याला हुंकार देत नाहीत. अख्खं अंगण माझ्याकडे वळलं. मग गावकर म्हणाले, मग एकेक करून बाकीचे. बाबांनी पंचा खांद्यावर टाकला आणि हात मोकळा सोडला. पटाशी दादाकडे दिली. दादाने ती पाना धरावा तशी धरली. बाबांनी डाव्या हाताने त्याचं मनगट फिरवून नीट केलं, आणि तो घाव पडला.

पुढे बाबांनी हात कधी लपवला नाही. बाजारात, देवळात, पाहुण्यांत, तो उघडा थरथरायचा. लोक म्हणायचे, मोठ्या मनाचा माणूस. मान खालच्या वाडीत गेला. मशीनखालचा पाट पुढच्या पावसात फुगला, स्क्रू अडकले. दादा गोव्यात कामाला लागला. मला पुष्कळ जण म्हणाले की तू बोललीस म्हणून ते मोकळे झाले. असतीलही. पण त्यांना मोकळं व्हायचं होतं का, की गपचूप ती एक पालखी नीट करून मानाने थांबायचं होतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते गेले तेव्हाही विचारलं नाही. हुंकार मी लगेच दिला. जे काम त्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, ते मात्र राहिलं.

आज सकाळी दव होतं. मी कोब्यावरून स्कूटर बाजूला केली आणि तिथेच उभी राहून ओंकारला फोन लावला.

"दाबू मगे बटन?" तो म्हणाला.

"नको. ती वेल मोठ्या कागदार छापून घेवन ये. पेन्सिल आणि पट्टी माज्याकडे आसा. मी माज्या नजरेन बघून आकडे घालतंय."

"आत्ये, आता आकडे कोणाक लागतत गो? कम्प्युटर सगळां करता."

"माका लागतत," मी म्हटलं.